दोराचं वर्ष

हरेश्वरकाकांची होडी रात्री सुटून वाहत गेली आणि खडकावर आपटून फुटली. सकाळी धक्क्यावरच्या खुंटाला दोराऐवजी लालसर, बुळबुळीत लगदा तेवढा उरला होता. हेमांगीने तो बोटांनी निपटून काढला.

हा दोर तिनेच केला होता. लाल शेवाळातून, कसलंही आम्ल न वापरता, नुसत्या उन्हावर आणि पावसाच्या पाण्यावर तिने त्याचे धागे काढले होते. नायलॉनचे दोर कासवांच्या गळ्यात अडकायचे. हा वर्षभर भक्कम राहून मग समुद्रातच विरघळायचा. कोळीवाड्यात पहिला दोर विश्वासाने घेतला तो काकांनीच. वडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे काकाच.

"तुझा दोष नाही, पोरी," शेजारी येऊन काका म्हणाले. "तू वर्षभर टिकेल म्हणालीस, मी नारळी पुनव धरली. गेल्या पुनवेला बांधला, यंदाच्या पुनवेला बदलायचा. पण यंदा श्रावण दोन आले, पुनव पुढे गेली. दोर काय तोवर थांबतोय?"

इथे वर्ष पुनवेपासून पुनवेपर्यंत धरतात, हे कोळ्याच्या लेकीला कुणी सांगायला नको होतं.

मागच्याच आठवड्यात काका अनारशांचा डबा घेऊन तिच्या प्रयोगशाळेत आले होते. "धोंड्याचा महिना आहे, जावयाला वाण नको?" तिने तिथेच एक अनारसा तोंडात टाकला होता आणि दोर कसा आहे म्हणून विचारलं होतं.

"झकास आहे. पुनवेला बदलतोच," काका म्हणाले होते.

आणि तिने मान डोलावून दुसरा अनारसा उचलला होता.