दोन किलोंचा फरक

“हा डॉक्टर तुमच्या ओळखीतलाच असेल, नाही का?” शाळेच्या नर्सबाईंसमोर चिठ्ठी आपटत बाप म्हणाला. चिठ्ठीत एवढंच होतं: वय नऊ, वजन अठ्ठेचाळीस किलो, वयाच्या मानाने फार जास्त, डॉक्टरांना दाखवा.

“चिठ्ठीत कुठल्या डॉक्टरचं नाव लिहिलंय का मी?” नर्सबाई शांतपणे म्हणाल्या.

तो वजनमापं तपासणारा निरीक्षक. वीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासून त्याचा माणसांवरचा विश्वासच उडाला होता. सख्ख्या मेहुण्याचं दुकानही त्याने सोडलं नव्हतं. बाजारात त्याला मागून ‘शंकासुर’ म्हणत. ते त्याला ठाऊक होतं आणि आवडायचंही.

“आमच्याकडे सगळीच अंगाने भरलेली. उंची वाढली की पोरगी आपोआप सडपातळ होईल. खोट आहे ती तुमच्या काट्यात.”

पोरगी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. जिना चढून आल्याला दहा मिनिटं झाली, तरी तिची छाती वरखाली होत होती. बापाने ते पाहिलं आणि नजर काट्याकडे वळवली.

पाच फेऱ्या मारून त्याने गाडीतली सरकारी शिक्क्याची दहा-दहा किलोंची पाच वजनं आणली. एकेक करून सगळी काट्यावर ठेवली. सुई थरथरली आणि थांबली.

अठ्ठेचाळीस.

“बघा!” तो जवळजवळ ओरडलाच. “पन्नास ठेवलेत, दाखवतोय अठ्ठेचाळीस! मला वाटलंच होतं. पोरांच्या जिवाशी खेळ चाललाय नुसता. काटा जप्त करतो मी!” त्याने जप्तीची वही उघडलीसुद्धा. केवढं हायसं वाटलं होतं त्याला.

नर्सबाईंनी चिठ्ठी उचलली, पेन काढलं आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

बाजारातले खोटे काटे नेहमी जास्तच दाखवायचे. त्यामुळे कमी दाखवणाऱ्या काट्याचा हिशेब त्याच्या डोक्यात उतरायला जरा वेळ लागला. वहीवरचा हात तसाच राहिला.

“साहेब,” नर्सबाईंनी हळूच विचारलं, “चिठ्ठीत पन्नास लिहू?”

“थांबा,” तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. “पोरीने दप्तर काढलं होतं का? बूट? बूट असतील पायात. पुन्हा करू. माझ्याकडे घरी अचूक काटा आहे, त्याच्यावर करू.”

“त्याच्यावर पण पन्नासच येतं, बाबा,” पोरगी म्हणाली.

तो गर्रकन वळला. “तुझं वजन केलं कुणी? आईने?”

“मीच. तुम्ही अंघोळीला गेलात की करते.”

“कधीपासून?”

“रोजच करते.” ती बुटांकडे बघत होती. “एखाद्या दिवशी तरी कमी येईल म्हणून.”