तपासणीपुरती स्वच्छ

कराडच्या धूर तपासणी केंद्रात वैजयंती घोरपडेंची बोलकी डिझेल गाडी चौथ्यांदा पास झाली. रस्त्याला लागताच मात्र तिने काळा धूर सोडला आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्याला दम लागला.

"अगं, आत्ता तर स्वच्छ होतीस!" वैजयंतीबाई गाडीवर करवादल्या.

"कंपनीने मला फक्त तपासणीपुरतंच स्वच्छ राहायला शिकवलंय," गाडी सरळ सांगून मोकळी झाली.

त्यांनी गाडी मागे वळवली आणि तपासनिसाला तिचं बोलणं ऐकवलं. तो ओशाळला. "खरंय बाई, पण केंद्राबाहेरचा धूर मोजायचा आम्हाला अधिकारच नाही."

"मग राहू दे ही केंद्रातच!" गाडी फाटकात आडवी लावून त्या नवऱ्याला हात देत खाली उतरल्या. मागच्या गाडीवाल्याने सगळं ऐकलं होतं. हॉर्न न वाजवता त्यानेही आपलं इंजिन बंद केलं.