विम्यापुरती नोकरी

"माझा राजीनामा परत हवाय," मावशी म्हणाल्या.

हॉटेलच्या लाँड्रीची सुपरवायझर हसली. वयाने ती मावशींच्या मुलीएवढी. "थट्टा करता का, मावशी? उद्या निरोप आहे तुमचा."

मावशी हसल्या नाहीत. एकवीस वर्षं चादरींना इस्त्री करून त्यांच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. दोन्ही पायांना पट्ट्या होत्या.

"चार फ्लॅटांची मालकीणबाई तुम्ही. तुमचे यजमानच म्हणाले होते ना, जुनी घरं घेऊन डागडुजी केली, भाडं येतंय, आता हिनं कशाला पाय झिजवायचे?"

"अजूनही तेच म्हणतात. डायलिसिसच्या पलंगावरून."

सुपरवायझरने पेन खाली ठेवलं.

"कधीपासून?"

"सोमवारपासून. आठवड्यातून तीनदा."

"त्यांचा स्वतःचा विमा असेल की."

"घरांचा आहे. आगीचा, भूकंपाचा, सगळा. स्वतःचा पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहून गेला. काल एजंट तीन योजना घेऊन आला होता. किडनीचं ऐकलं आणि कागद पिशवीत घालून उठला. इथल्या विम्यात नवरा येतो, जुनं दुखणं असलं तरी. मी सुटले की तेही सुटले."

"मग एखादा फ्लॅट विका."

"चारही कर्जावर घेतलेत, भाडं हप्त्यात जातं. एक विकला की बँकेचं देऊन एक वर्ष निघतं. चार विकले की चार. पाचव्या वर्षी काय सांगू त्यांना?"

काचेपलीकडे यंत्रातून वाफ सुटली. सुपरवायझरने खण उघडला, कागद शोधला.

"मोठ्या साहेबांची सही व्हायची राहिलीय, म्हणून बरं. पण तुमच्या मशीनवर दुसरी बाई घेतलीय. तुम्हाला मागच्या खोलीत जावं लागेल, पडद्यांवर. तिथं पंखा नाही."

"चालेल."

"मावशी, असं किती दिवस करणार?"

"ते आहेत तोवर."

सुपरवायझरने कागद पुढे केला. मग म्हणाली, "बायकांनी वर्गणी काढून खुर्ची आणलीय तुमच्यासाठी. पाय लांब करून पडता येईल अशी. दुकानदार परत घेत नाही म्हणे. काय करू तिचं?"

मावशींनी राजीनाम्याचे चार तुकडे केले.

"घरी पाठवून द्या. ते बसतील."