पाखरांची राखण

भाचीचं बारसं वरदाविना उरकलं, ते साल २००४. वरदा तेव्हा एडिनबरात प्राचीन इटलीतल्या उंब्रियन भाषेवर संशोधन करत होती. यज्ञाआधी पक्ष्यांवरून शकुन पाहण्यासाठी त्या भाषेत एक क्रियापद होतं. त्याच्या मुळाशी पाहणं नसून राखणं आहे, आपण शेतात पाखरं राखतो तसं, हे तिने चार वर्षं खपून हुडकलं. तिचे मार्गदर्शक प्रोफेसर क्रेग यांनी ते स्वतःच्या नावावर छापलं.

ती भांडली नाही. एका सकाळी त्यांच्या खिडकीकडे बोट करून तिने ते क्रियापद आज्ञार्थी उच्चारलं, इतकंच.

दुपारी काचेबाहेर एक काळापांढरा मॅगपाय पक्षी येऊन बसला. तिसऱ्या दिवशी सात झाले. सगळे आत तोंड करून, मुके. क्रेगनी पडदा ओढला, तर ते पडद्याच्या अलीकडे बसलेले.

“वरदा, प्लीज, यांना जायला सांग. काय म्हणायचं असतं?”

“मूळ तुम्हीच शोधलंत ना, सर? मग तुम्हालाच ठाऊक.”

तिने बाहेरून दार ओढून घेतलं. आतून पंख फडफडल्याचा आवाज आला नाही, क्रेगचाही नाही.

प्रोफेसर क्रेग गुरुवारी, ११ नोव्हेंबर २००४ रोजी, सकाळी दहा वाजता वारले.