नानांचा उखाणा

"नाना, नाव घ्या!" सहस्रचंद्रदर्शनाच्या मांडवात कुणीतरी सवयीने ओरडलं आणि लगेच जीभ चावली. पक्षाघातात नानांची वाचा गेली होती, अक्षरंही ओळखू येत नव्हती.

नानांनी मात्र खुणेने नातीचा फोन मागितला. डाव्या हाताने एकेक चित्र शोधलं. नातीने फोन उंच धरला.

⛰️🌕🏡✨

"डोंगरावर चंद्र, अंगणात चांदणं..." पहिल्या रांगेतली आत्या वाचू लागली. प्रत्येक कार्यात नानांनी हाच उखाणा घेतलेला. बघता बघता अख्खा मांडव म्हणू लागला. पुढे बायकोचं नाव यायचं, तिथे सगळे थबकले. ते दुसऱ्या कुणी कसं घ्यायचं?

नानांनी फोनमध्ये पुन्हा शोधलं. तसं चित्र नव्हतंच. मग त्यांनी बोट शेजारी बसलेल्या माईंकडे वळवलं.

"ऐकू आलं हो," माई म्हणाल्या.