काट्यावरची उंची

काकांचं विमान सरळ वर चढलं, तशा हवाई कसरती बघायला मैदानात जमलेल्या सगळ्या माना वर झाल्या. मनोऱ्यावर रेडिओ घेऊन देखरेखीला बसलेली त्यांची पुतणी मात्र उठून उभी राहिली.

लढाईतून निवृत्त झालेलं ते म्हातारं विमान आता वर पोचून उताणं होणार होतं आणि तिथून खाली सूर मारणार होतं. सूर मारायला खाली जागा लागते. ती तिच्या नजरेला कमी वाटली. नुसतं वाटलंच, हातात पुरावा काही नव्हता. तिला उडायला शिकवलं काकांनीच. त्यांना उंची सांगायची म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं.

तरी तिनं बटण दाबलं. "थांबा, थांबा, थांबा!"

हा शब्द आला की वर वाद घालायचा नाही, काय भांडायचं ते खाली उतरून, असा नियम. विमान कुशीवर वळलं, सरळ झालं आणि उतरायला निघालं. लोकांनी हुर्यो उडवली.

"अहो बाई, याच्यासाठी तर गर्दी आलीय!" आयोजक तणतणला. ती जिना उतरली.

काका जमदग्नीचा अवतार. चारचौघांत आपली बिनपाण्यानं होणार, हे ती धरूनच चालली होती. पण माणूस धडधाकट उतरला होता. आज ती पोटभर बोलणी खायला तयार होती.

पंखा थांबला तरी काका आतच बसून होते.

"वर ये," ते हळूच म्हणाले. "हे बघ."

सकाळी ते सखल भागातल्या विमानतळावरून आले होते. इथं उतरल्यावर उंचीचा काटा शून्यावर आणायचा, हा पहिला धडा. फोटोवाल्यांच्या गराड्यात तेवढंच राहून गेलं. विमान गवतावर उभं होतं आणि काटा तीनशे फूट दाखवत होता.

"मला वाटलं, जागा भरपूर आहे." काकांनी तिचा हात धरला आणि कपाळाला लावला. "पोरी, तुझ्यामुळे उतरलो."

"काका, अहो, काय हे..."

"काकूला फोन लाव."

"हे सगळं सांगू?"

"छे! नुसतं सांग, जेवायला घरी येतोय म्हणून."