चार्ज यादी

"कर सही," मनोहरराव म्हणाले आणि त्यांनी कागद रोशनीपुढे सरकवला.

"सर, ही सरकारी बदली हाय का?"

"चार्ज दिल्याशिवाय मास्तरानं गाव सोडू नये. चाळीस वर्षं पाळलं, आता काहून मोडू?"

इंदोरा वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात मनोहरराव मेश्राम निवृत्तीपासून वस्तीतल्या मुलांची फुकट शिकवणी घेत होते. रविवारी ते कायमचे पुण्याला, मुलीकडे निघणार होते. वर्ग आता रोशनी पाहणार होती. तीही त्यांचीच विद्यार्थिनी. आता शाळेत शिकवत होती आणि मागच्याच गल्लीत राहत होती.

यादी त्यांच्या वळणदार अक्षरात होती. फळा, पृथ्वीचा गोल, पंचवीस पाट्या, पुस्तकांची दोन कपाटं. रोशनी बोट ठेवून वाचत गेली. एकोणतिसाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हा तं तुमचा वाचायचा चष्मा."

"पुण्यात नवा करू. शेजारच्या इंदूबाईंचा नंबर हाच आहे. त्यांना दे."

"अन् बीपीची मशीन? स्वेटर? मोठी बॅग बी देऊन टाकली?"

"वंदनाकडे सगळं आहे. तिनं माझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवली. म्हणते, बाबा, हात हलवत या."

रोशनीनं सही केली. अक्षर जरा तिरकं आलं.

"एक शब्द दे मला," मनोहरराव म्हणाले. "वंदनाला फोन करू नको. तू काही बोललीस की ती मला न्यायला धावत येईल. पोराची परीक्षा आहे."

"बरं, नाही करत."

"शब्द?"

"शब्द, सर."

पत्नी, जिजाबाई, गेल्याला दहा महिने झाले होते. पावसाळाभर मनोहरराव धड जेवले नव्हते. मुलं पाढे चुकायची, तरी ते खिडकीबाहेर बघत राहायचे. आठ दिवसांपासून मात्र माणूस पालटला होता. रोज दाढी, इस्त्रीचा सदरा, वर्गात विनोद. "लेकीनं बोलावलं अन् मास्तर सुधरले वं माय," असं इंदूबाई सगळ्यांना सांगत होत्या.

बुधवारी तर ते पिंटूच्या पंक्चरच्या दुकानात गेले होते. सहावीत असताना त्याला मारलं होतं, म्हणून हात जोडून माफी मागायला. पिंटू पान्हा टाकून उठला होता. "सर, मले तं आठवत बी नाही! अन् मारलं नसतं तं मले पाढे आले असते का?" दोघं खूप हसले होते. पिंटूनं ही गंमत रोशनीला सांगितली, तेव्हा ती हसली नव्हती.

सही करून रोशनी जायला उठली, आणि पुन्हा बसली.

"सर, तिथं बरं वाटन ना तुमाले?"

"वाटेल. तुम्हा सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझंही उतरेल."

"आमाले कधी झालं ओझं?"

मनोहरराव पेनाला टोपण लावत होते.

निघताना रोशनीनं कपाटावरचा औषधांचा डबा उचलला. "हा माझ्याकडे राहू द्या. तुमी विसरून दोनदा गोळी घेता. सकाळ-संध्याकाळ मीच आणून देईन."

"मी तुला बाराखडी शिकवली, अन् तू मला गोळी घ्यायला शिकवतेस?"

"हो," ती म्हणाली आणि डबा घेऊन गेली.

शुक्रवारी सकाळी तिचा नवरा अंकुश पेपर वाचायला म्हणून आला आणि जेवायच्या वेळेपर्यंत उठलाच नाही. दुपारी इंदूबाई भाजी निवडायला त्यांच्या ओसरीवर येऊन बसल्या. संध्याकाळी अंकुशनं चक्क आपली गादीच आणून टाकली. "आमच्याकडे पाहुणे आले, सर. झोपायले जागा नाही."

"पाहुणे? मला तर कोणी दिसले नाहीत."

अंकुश खाली बघून चादर झटकू लागला.

मनोहररावांना सगळं कळलं. वस्तीत त्यांच्याबद्दल कुजबुज चालली होती आणि तिची सुरुवात रोशनीपासून झाली होती. पहिलीत तिचा हात धरून त्यांनीच तिला अक्षरं गिरवायला लावली होती. डी.एड.चा फॉर्मही त्यांनीच भरला होता. आपल्या मागे वर्ग ठेवायचा तर हिच्याच हाती, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि तिनं त्यांच्याच घरात त्यांच्यावर पहारा बसवला होता. ते भिंतीकडे तोंड करून पडले.

शनिवारी सकाळी दारात ऑटो थांबला. आधी रोशनी उतरली. तिच्यामागून वंदना.

मनोहरराव खुर्चीतून उठले. वंदनाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"शब्द दिला होतास."

"हो, सर."

"चाळीस वर्षांत हजार पोरं शिकवली. माझ्या तोंडावर खोटं बोललेली तू पहिली. आण ती यादी इकडे. तुझ्या हाती मी पाटीसुद्धा देणार नाही."

"नका देऊ, सर." रोशनीचे डोळे भरले, पण ती जागची हलली नाही. "रागवा, आयुष्यभर बोलू नका. मी शब्द मोडला, अन् उद्या बी मोडीन."

"बाहेर हो!"

रोशनी दाराला टेकून तशीच उभी राहिली. वंदनानं पिशवी खाली ठेवली. ती वडिलांच्या पायाशी फरशीवर बसली आणि तिनं त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. रात्रभर गाडीत रडून तिचा आवाज बसला होता.

"बाबा, माझ्याकडे राह्यले येण्याचं तं आपलं कधी बोलणंच झालं नाही. मग उद्या तुमी कुठं निघाले होते?"